घरभराच्या मापाचे बूट

“लहान माप घेऊ नको म्हणलं ना!” पंजाबरावांनी समताच्या हातातून मोबाइल ओढून घेतला. “एवढी वस्तू घरात येऊन राह्यली, तर आख्ख्या घराच्या पायाले आली पाह्यजे.”

समताची पोलीस भरतीची मैदानी चाचणी आठवड्यावर आली होती. दुसरबीडच्या डांबरी रस्त्यावर पळून पळून पिंडऱ्यांचा दगड झाला होता, म्हणून हे हवेचे बूट. पाय मांडीपर्यंत आत घालायचे, चेन ओढायची, मग मशीन हवा भरून पाय दाबते, सोडते, पुन्हा दाबते. खेळाडू घरी बसल्या बसल्या पाय मोकळे करून घेतात. माप मांडीचा घेर मोजून ठरवायचं असतं. पंजाबरावांनी मोजला. स्वतःचा.

बूट आले ते चाचणीच्या आदल्या दुपारी. समताने पाय घातले तर पोत्यात काड्या. मशीन घरघरली, बूट फुगले, पायाला काहीच लागेना.

“हवा निघून राह्यली कुठून तरी,” पंजाबरावांनी निदान केलं.

“हवा नाही बाबा, बूट मोठे झाले. वापस करा.”

“वापस काऊन? डोकं लावा लागते जरासं.”

या माणसाला जन्मात स्वतःबद्दल शंका आली नव्हती. त्याच्या वाटणीच्या शंका घरातल्या बायांनी घ्यायच्या. पंजाबरावांनी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणून मशीनमधून बुटात हवा नेणाऱ्या नळीचा सांधा पक्का चिकटवला. तरी पाय ढिलेच. मग बायकोला, सिंधूताईंना हुकूम सुटला आणि जुन्या गोधडीचे तुकडे बुटात कोंबले गेले. गुडघा रोवून चेन ओढली. मशीन लावली.

आता मात्र पाय आवळले. बरे आवळले. आणखी आवळले. आणि तेवढ्यात लाइन गेली.

मशीन गप्प झाली. हवा जिथल्या तिथं.

“बाबा, नळी काढा लवकर!”

नळी कशाची निघते! सोल्युशन एकदम अस्सल निघालं होतं. चेन ओढावी तर गोधडीचा धागा तिच्या दातांत. आणि बुलढाण्याची गाडी यायची वेळ झालेली. चाचणी पहाटे, म्हणून मुक्काम वच्छलाबाई मावशीकडे. गाडी चुकली की वर्षभराचं पळणं मातीत.

“बाबा, कापा हे.”

“कापू? मंग वापस कशी करतो?”

“आत्ताच तं म्हणले, वापस काऊन!”

“तवा चांगली होती. आता बिघडली ना! बिघडलेलीच वस्तू वापस करतेत.”

“माहे पाय बधिर होऊन राह्यले, बाबा!”

“दम धर. लाइन येईन.”

या मुलखात लाइन कधी येईल हे लाइनमनही छातीवर हात ठेवून सांगत नाही. समताच्या ओठांवर शिवी आली होती, ती तिने गिळली आणि किंचाळली, “भरती माह्या पायाची हाय का या बुटाची?”

सिंधूताई इतका वेळ भिंतीला टेकून होत्या. त्या आत गेल्या आणि विळा घेऊन आल्या.

“समताचे बाबा, बाजूले व्हा.”

“सिंधू, जरा विचार कर...”

“तुमी केला ना इतका येळ. पाह्यला आमी.”

फस्स! एक बूट बसला. फस्स! दुसरा. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. समता उठली, पडली, पुन्हा उठली आणि मुंग्या आलेल्या पायांनी लडखडत रस्त्याला लागली.

पंजाबराव वळून पाहतात तर प्रवेशपत्राची फाइल बाजेवरच! त्यांनी ती काखेत मारली आणि चपला फेकून धूम ठोकली. लग्नानंतर माणूस पहिल्यांदा पळत होता. चौकाच्या अलीकडे त्यांनी समताला मागं टाकलं आणि सुटलेल्या गाडीपुढे हात पसरून उभे राहिले.

“काका, मरता काय?” ड्रायव्हर ओरडला.

“मरीन! पण माही पोरगी येऊन राह्यली मागून, तिले घे आंधी!”

समता चढली. फाइल द्यायला पंजाबराव चढले आणि तिथंच त्यांच्या दोन्ही पिंडऱ्यांत गोळे आले. उतरणं सोडा, वाकताही येईना. गाडी बापलेकीला घेऊन निघाली.

मावशीकडे एकच धांदल उडाली. दाजींना खाट, दाजींना गरम तेल, दाजींना शेक. वच्छलाबाई पाय रगडत होत्या, दाजी कण्हत होते.

“मावशी, माहेही पाय जरा...”

“थांब वो माय. तू जवान हायस. दाजी पाह्य कसे कळवळून राह्यले.”

समता भिंतीला पाय लावून फरशीवर झोपली. पहाटे मैदानावर एकटीच गेली. शिट्टी झाली तशी सुटली ती कोणाकडे न बघता. तिच्या अंगात बळ किती आणि राग किती, ते कोणी मोजलं नाही. घड्याळाने फक्त वेळ मोजली.

परत आली तेव्हा पंजाबराव उशीला टेकून चहा पीत होते. कप हातातच थांबला.

“काय झालं वो?”

“पूर्ण मार्क पडले, बाबा. पयली आली.”

पंजाबरावांचे डोळे भरले. त्यांनी तोंडावरून टॉवेल फिरवला, कप खाली ठेवला आणि लेकीच्या खांद्यावर सगळा भार टाकून कसेबसे उभे राहिले.

“चाल, गाडीपर्यंत धरून ने मले. पण सावकाश चाल. तुले काय समजते, पाय दुखणं काय असते ते!”