आळणी गृहस्थ

चष्मेवाल्यांच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला विचारतंय कोण? घर चालायचं ते रेडिओवर. तेही राष्ट्रीय केंद्रावर, जिथे गाणीबिणी असला थिल्लरपणा नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं बोलणं. शेतीचा कार्यक्रम लागला की बायको दूध तापवायची. बातम्यांना केर, पुस्तक-परिचयाला आंघोळ. कुंडीभर मातीसुद्धा घरात नव्हती, पण बटाट्यावर कीड पडल्याचं ऐकलं की तिचा दिवस वाईट जायचा. आणि आरोग्याचा कार्यक्रम लागला, की हातातलं काम टाकून ती स्वयंपाकघरातलं स्टूल रेडिओजवळ ओढायची आणि बसायची.

त्याच कार्यक्रमात एका डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी करा. बायकोनं कमी केलं, म्हणजे बंदच केलं. चष्मेवाल्यांना रक्तदाब नव्हता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तपासून ठणठणीत असल्याचा निर्वाळाही दिला होता. पण ते पडले कोपऱ्यावरचे डॉक्टर आणि हे राष्ट्रीय.

"अगं, भाजीला काही चवच नाही."

"चव ही सवय असते. डॉक्टर म्हणाले."

"त्या डॉक्टरांनी मला कधी बघितलंय तरी का?"

"ते सगळ्यांसाठी सांगतात. सगळ्यांत तुम्ही आलात."

असे महिने गेले. माणूस उपाशी राहू शकतो, पण रोज दोन वेळा आळणी जेवून वर "पोट भरलं" म्हणणं फार अवघड. शेवटी चष्मेवाल्यांनी ठरवलं, काट्यानं काटा काढायचा. आपण सांगून ती ऐकत नाही ना, मग डॉक्टरांच्याच तोंडून वदवायचं. कार्यक्रमात फोन करायचा, आवाज बदलायचा, आणि "चिमूटभर मीठ चालतं" एवढं एकच वाक्य काढून घ्यायचं. स्टुलावर बसलेली बायको ते ऐकणार आणि संध्याकाळी भाजीत मीठ. बेत साधा होता. साधे बेतच माणसाला गोत्यात आणतात.

आपलं चष्म्याचं दुकान उघडून त्यांनी अक्षरांच्या तक्त्याखाली बैठक मारली, फोनवर रुमाल धरला आणि नंबर फिरवला. श्रोत्यांनी फोन लावताना रेडिओ बंद ठेवावा, असं केंद्र रोज बजावायचं. चष्मेवाले नियमाचे पक्के. त्यांनी दुकानातला रेडिओ बंद केला. त्यामुळे डॉक्टर वाटेत गाडी बंद पडून अडकलेत आणि त्यांच्या जागी दुपारचा 'मनमोकळं' हा कार्यक्रम सकाळीच घेतला आहे, ही सूचना सगळ्या देशानं ऐकली, यांनी सोडून.

"नमस्कार, बोला," पलीकडून एक बाई म्हणाल्या. आवाज असा, की ऐकूनच पाठीवरचं ओझं उतरावं.

चष्मेवाले दोनदा खाकरले. "मला मिठाबद्दल विचारायचं होतं. म्हणजे बायको जेवणात मीठ घालत नाही."

"अरेरे. तिला सांगून बघितलंत?"

"सांगितलं की."

"मग ती काय म्हणाली? तुम्हाला काय वाटलं?"

आता, गेल्या कित्येक वर्षांत चष्मेवाल्यांना काय वाटलं, हे कुणी विचारलंच नव्हतं. दिवसभर तेच लोकांना विचारत, "आता नीट दिसतंय का?" एवढ्या गोड आवाजात आपल्याला कुणी विचारलं, तर बांध फुटणारच. ते डॉक्टरांना विसरले, मिठालाही विसरले. बोलत सुटले. घरात आपलं कुणी ऐकत कसं नाही, आपण घसा फोडून सांगितलं तरी ती फक्त रेडिओचं कशी ऐकते, सगळं सांगून शेवटी म्हणाले, "तिच्या लेखी मी म्हणजे घरातलं कपाट. माणूस काय तो रेडिओ."

"किती खरं बोललात," बाई हळहळल्या. "श्रोतेहो, हे आपले आळणी गृहस्थ."

फोन ठेवल्यावर चष्मेवाल्यांना जरा बरं वाटलं. मग डॉक्टर कुठे होते, असा प्रश्न पडला. आणि तेवढ्यात शेजारचा सलूनवाला हातात कंगवा घेऊन दारात उभा.

"चष्मेवाले, रेडिओ बंद का तुमचा? अहो, काय माणूस बोलला आत्ता. कोणी आळणी गृहस्थ आहे. माझं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर रडलं."

चष्मेवाल्यांनी त्याला कसंबसं वाटेला लावलं. रेडिओ लावला, तर दुपारच्या बातम्यांच्या आधी त्यांचाच आवाज: "मी म्हणजे घरातलं कपाट." इतिहासाच्या प्राध्यापकांनी प्राचीन काळापासूनचं मिठाचं महत्त्व सांगितलं आणि शेवट आळणी गृहस्थांवर केला. परिसंवादात दोन विदुषी हमरीतुमरीवर आल्या. एकीच्या मते बायको जुलमी होती, दुसरीच्या मते गृहस्थांना स्वतः मीठ घालायला हात नव्हते का? या मुद्द्यावर चष्मेवाल्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. खरंच, हे सुचलंच नव्हतं.

त्यांनी घाबरत घरी फोन लावला. "काय करतेस?"

"काय करणार? रेडिओ ऐकतेय," बायको म्हणाली. "डबा खाल्लात?"

"खाल्ला. छान होता."

"बरं," म्हणून तिनं फोन ठेवला. त्या 'बरं'चा काही अंदाज येईना. संतापली असती तरी परवडलं असतं. तिला कळलं नसेल तर प्रश्न नाही. पण कळलं असेल, तर साऱ्या देशासमोर आपण तिची अब्रू काढली, आणि कशापायी, तर भाजीपायी. चष्मेवाल्यांना स्वतःची लाज वाटली.

आता हे थांबवायलाच हवं, म्हणून त्यांनी केंद्रावर फोन केला. "ते सकाळचं बोलणं पुन्हापुन्हा लावू नका हो. घरी कळलं तर पंचाईत होईल."

"तुम्हीच का ते?" पलीकडचा माणूस हरखला. "थांबा, लगेच जोडतो."

चष्मेवाल्यांनी फोन आपटला. पुढच्या बातम्यांत निवेदकानं गंभीरपणे सांगितलं की आळणी गृहस्थांनी पुन्हा संपर्क साधला असून ते घरी दहशतीखाली असल्याचं समजतं.

संध्याकाळी 'श्रोत्यांचा कौल' लागला, तेव्हा एकट्यानं ऐकायची छाती होईना म्हणून चष्मेवाले सलूनमध्ये बाकावर जाऊन बसले. फोनमागून फोन येत होते. कुणी गृहस्थांना लोणचं पाठवायला तयार होतं, कुणी वकील द्यायला. मग एका बाईंचा फोन आला.

"मी त्यांची बायको बोलतेय."

वस्तरा जागच्या जागी थांबला.

"तुम्ही ओळखलंत कसं?" निवेदकानं विचारलं.

"रुमालातून बोलले म्हणून काय झालं? महत्त्वाचं बोलायच्या आधी ते दोनदा खाकरतात. लग्नाचं विचारायला आले होते तेव्हाही खाकरले होते. नंतर फारसे खाकरले नाहीत." बायको पुढे म्हणाली, "ते म्हणाले ते खरंय. मी रेडिओचं ऐकते. मुलगी लांब नोकरीला गेली. हे सकाळी दुकानात जातात, आल्यावर पेपरात तोंड घालतात. काय झालं विचारलं, तर म्हणतात काही नाही. मग दिवसभर घरात जो बोलतो, त्याचंच ऐकणार ना? आज ते इतकं सलग बोलले. मी स्टूल ओढून सगळं ऐकलं. दिवसभरात जितक्यांदा लावलंत, तितक्यांदा ऐकलं."

"आणि मिठाचं काय ठरलं?"

"ते आमचं घरातलं आहे," बायको म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

 चष्मेवाल्यांना काहीतरी बोलावंसं वाटलं. आवरायचा फार प्रयत्न केला, पण व्हायचं ते झालं. ते खाकरले. दोनदा.

सगळ्या मानांसकट अर्धी दाढीही वळली. सलूनवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग रेडिओकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या दुकानाचं शटर मी ओढतो. तुम्ही घरी जा."

घरी रेडिओ बंद होता. तो बंद असला की घर एवढं मोठं आहे, हे चष्मेवाल्यांना माहीतच नव्हतं. बायकोनं पान वाढलं. त्यांनी भाजीचा घास घेतला आणि डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या महिन्यांचं मीठ तिनं एकदम घातलं होतं.

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

"झकास झालंय."

तिनं उभ्यानंच आपल्या ताटातला घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. "खोटं का बोलताय? दोनदा पडलंय मीठ. माझं लक्षच नव्हतं."

"तरी आवडलं," असं म्हणून त्यांनी पुढचा घास घेतला आणि वर पेलाभर पाणी प्याले. "अगं, सकाळी मी जे बोललो ना..."

"ते ऐकलंय मी. पाठ झालंय." बायकोला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "दुसरं काही सांगा. आज दुकानात काय झालं?"

"काही ना..." सवयीनं चष्मेवाल्यांच्या तोंडून निघालंच होतं. ते मध्येच थांबले, घास खाली ठेवला आणि दोनदा खाकरले.

बायकोनं स्टूल त्यांच्याजवळ ओढलं आणि ती बसली.