शेवटची हिरवी टाइल

बाथरूममधले दोन काळे रंग एकमेकांशी जुळत नाहीत, हे नेइदेनं दाखवून दिलं नसतं तर वाल्देसीरला जन्मात कळलं नसतं. नळ काळा होता, शॉवरच्या काचेची चौकट काळी होती, बेसिनशेजारची टॉवेलची रिंगही काळीच होती. पण नळ आणि चौकट मॅट होती आणि रिंगला चकाकी होती.

"बघ ना, कशी एकटीच मिरवतेय," नेइदे म्हणाली.

"काळा तो काळाच ना," वाल्देसीर म्हणाला आणि लगेच पस्तावला.

कारण या बाथरूमसाठी नेइदेनं वर्षभर जिवाचं रान केलं होतं. भिंतीला करडी झाक असलेल्या हिरव्या टाइल्स. त्या टाइलचा एक तुकडा पर्समध्ये घालून ती हिंडायची आणि टॉवेल, पायपुसणं, साबणाची बाटली, सगळं त्या तुकड्याला लावून बघूनच घ्यायची. टाइल्सच्या सांध्यांतला ग्राउट टाइलपेक्षा किंचित फिका हवा म्हणून तिनं गवंड्याला पुन्हा दुकानात पिटाळलं होतं. उरलेल्या टाइल्स परत करून आलेल्या पैशांत तिनं त्याच रंगाचा आंघोळीचा झगा घेतला. लाल टूथपेस्टची रवानगी कपाटात झाली होती. या खोलीशी न जुळणारी ती पहिली वस्तू आणि दुसरे आपण, अशी वाल्देसीरची समजूत होती.

"रिंग बदलायची," नेइदेनं बजावलं, "पण माणूस बोलावून. तू हात लावायचा नाहीस. घरात आणखी एक भोक पाडलंस तर तुझं ते ड्रिल अदाल्बेर्तोला देऊन टाकीन."

अदाल्बेर्तो म्हणजे तिचा सोरोकाबा शहरातला भाऊ. आणि ड्रिल म्हणजे वाल्देसीरचा जीव की प्राण. तो सांतो आंद्रे शहरातल्या एका शाळेत तिसरीला शिकवायचा. दिवसभर पोरांचे भागाकार तपासून आल्यावर भिंतीत एखादं भोक पाडलं की त्याचं डोकं हलकं व्हायचं. भोक नेमकं हव्या त्या जागी पडायचंच असं नाही, एवढाच काय तो दोष.

शनिवारी सकाळी नेइदे भावाकडे निघाली. खांद्यावरची पिशवी तिनं पोटाशी धरली होती.

"दे इकडे, बसपर्यंत मी घेतो," वाल्देसीर म्हणाला.

"नको," ती घाईनं म्हणाली. "हलकीच आहे."

उद्या दुपारी ती परतेल तेव्हा बेसिनशेजारी मॅट रिंग लटकत असेल, अशी वाल्देसीरची योजना होती. रिंग त्यानं आधीच आणून मोज्यांखाली लपवली होती. बस सुटताच तो घरी आला आणि ड्रिलची पेटी उघडली. टाइलला भोक पाडायचं बिट आधीच बसवलेलं होतं आणि त्यावर हिरवट भुकटी होती. आपण हे कधी बसवलं? आठवेना. वय झालं, असं म्हणून त्यानं ड्रिल सुरू केलं.

नव्या रिंगच्या स्क्रूमधलं अंतर जुन्या रिंगपेक्षा बोटभर जास्त निघालं. म्हणजे एक नवं भोक आलंच. टाइलनं आधी कुरकुर केली, मग तिच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ उमटली. आरशाच्या शेजारी, नळाच्या वर. दात घासताना माणूस जिथे बघतो, अगदी तिथे.

खालच्या मजल्यावरचा जुरांदीर आवाज ऐकून वर आला. तो दारात उभा राहून बराच वेळ बघत होता.

"रेघ मात्र सरळ आलीय," तो म्हणाला.

"जुरांदीर, उद्या ती येतेय."

"मग ड्रिल जाणार."

"ड्रिलचं सोड. तिनं वर्षभर..." वाल्देसीर बेसिनपासून दारापर्यंत आणि दारापासून बेसिनपर्यंत येरझाऱ्या घालू लागला. वर्गात काही फुटलं की तो पोरांना सांगायचा, ज्यानं फोडलं त्यानं स्वतःहून सांगावं, मी रागावणार नाही. पोरं सांगायचीसुद्धा. पोरांचं बरं असतं, असं त्याला आज पहिल्यांदा वाटलं.

टाइल्स बसवताना कापून उरलेला एक तुकडा घेऊन दोघं जुरांदीरच्या गाडीतून टाइल्सच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीनं तुकडा बघून नाक मुरडलं.

"हा हिरवा बंद झाला. आता सगळे मातकट रंगाकडे वळलेत. तोच बसवून घ्या ना."

"मला एकच टाइल हवीय, ताई."

"एकीसाठी दफनभूमीत जा."

ही शिवी नव्हती. कंपन्यांनी बंद केलेल्या टाइल्स जिथे विकत मिळतात त्या दुकानांना तिथले लोक टाइल्सची दफनभूमीच म्हणतात. रेल्वेमार्गापलीकडे अर्लिंदोशेठची अशी एक होती. छपराखाली टाइल्सच्या उंच उंच रांगा, आणि मधल्या वाटांनी हातात एकेक तुकडा घेऊन हळू चालणारी माणसं. एक म्हातारे गृहस्थ गुलाबी तुकडा घेऊन आले होते. ते दर शनिवारी येतात, असं कळलं.

अर्लिंदोशेठनी हिरवा तुकडा उजेडात धरला. "कधी बसवली?"

"तीन महिने झाले."

"फार लहान वयात गेली," शेठ हळहळले. "होती हो. एकच होती. परवा एक बाई घेऊन गेल्या. फार चोखंदळ. उन्हात नेऊन पाहिली, सावलीत पाहिली, पर्समधून साबणाची बाटली काढून तिला लावून पाहिली."

जुरांदीरनं वाल्देसीरकडे पाहिलं. वाल्देसीर टाइल्सच्या रांगेकडे पाहत होता.

"त्या बाईंचा नंबर आहे?" त्यानं विचारलं. "मी दुप्पट पैसे देतो. हात जोडतो."

"आहे. आणखी सापडली तर कळवा म्हणाल्यात. पण नंबर देणार नाही, मीच लावतो." शेठनी फोन लावला. "बाई, इथे एक गिऱ्हाईक तुमच्या टाइलसाठी अडून बसलंय... हं... हं... बरं." त्यांनी फोन ठेवला. "नाही देत म्हणतात. त्यांचाही घरचाच प्रश्न आहे. नवऱ्याला कळायच्या आत बसवायचीय."

वाल्देसीरला मनापासून वाईट वाटलं. "बिचारी," तो म्हणाला. "काय माणूस असेल कोण जाणे."

जुरांदीर छपराचे पत्रे मोजू लागला. तरी शेठकडे स्वतःचा नंबर देऊन वाल्देसीर गाडीत बसला. वाटेत जुरांदीर म्हणाला, "वाल्दे, ती साबणाची बाटली..."

"काय?"

"काही नाही. घरी जाऊन विचार कर."

घरी विचार करायला सवड नव्हती. रेघ झाकायला हवी होती. शॉवरजवळच्या कोपऱ्यात उंच घडवंचीवर फर्नची कुंडी होती. पंधरा दिवसांपूर्वी, कोपरा रिकामा वाटतो म्हणून नेइदेनं ती आणली होती. वाल्देसीरनं ती घडवंचीसकट उचलून बेसिनपाशी आणली. पानं रेघेवर नीट पसरली. मग मागे सरून तो बघायला वळला आणि त्याला कोपरा दिसला.

कोपऱ्यातल्या टाइलला, झगा अडकवायच्या उंचीवर, एक भोक होतं. भोकाला चार फाटे फुटले होते. सगळ्यात पांढरी लांबी भरली होती आणि लांबीवर डोळ्यांना लावायची हिरवी पावडर चोपडली होती. रंग मात्र तंतोतंत जुळला होता.

वाल्देसीर कमोडच्या झाकणावर बसला. ड्रिलचं बिट आठवलं, पिशवी आठवली, साबणाची बाटली आठवली. आपण "बिचारी" म्हणालो तेही आठवलं, आणि पुढचं वाक्य आठवल्यावर तो उठला. त्यानं फर्न उचलून परत त्याच्या कोपऱ्यात ठेवला. पानं नीट पसरली. बेसिनवरची रेघ उघडीच राहू दिली.

रविवारी दुपारी नेइदे आली. तो बाथरूमच्या दारातच उभा होता, फळ्यापाशी बोलावलेल्या पोरासारखा.

"मी फोडली," तो म्हणाला. "ड्रिल अदाल्बेर्तोला दे."

नेइदेनं रेघ पाहिली. मग तिची नजर फर्नकडे गेली आणि झटकन परत आली. वाल्देसीर नळाकडे बघत राहिला. तिनं पिशवीत हात घातला आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली हिरवी टाइल बाहेर काढली.

"अदाल्बेर्तोकडे पडली होती," ती म्हणाली. "म्हटलं, असू द्यावी घरात."

"नशीबच म्हणायचं."

"हो ना. उद्या तो येतोच आहे, बसवून देईल."

"आणि ड्रिल?"

"राहू दे रे," नेइदे भाजीत मीठ कमी झालं म्हणावं तशा आवाजात म्हणाली. "कधी कोणाला लागेल, सांगता येतं का? फक्त त्या फर्नला हात लावू नकोस. त्या कोपऱ्याला तोच शोभतो."

"रंग छान जुळतो," वाल्देसीर म्हणाला.

ती कॉफी करायला गेली. तिचा फोन वाजला. तिनं नाव पाहून तो बंद केला. मिनिटभरानं वाल्देसीरचा वाजला.

"सर, दफनभूमीतून अर्लिंदो बोलतोय. गुलाबी टाइल्सच्या मागे तुमची आणखी एक सापडली. खरं तर त्या बाईंचा नंबर पहिला, पण त्या उचलत नाहीत. ठेवू तुमच्यासाठी?"

"ठेवा," वाल्देसीर म्हणाला. "उद्या येतो. त्या बाईंनाही बरोबर घेऊन येतो."

स्वयंपाकघरात ढवळणारा चमचा थांबला.

"वाल्दे," आतून आवाज आला, "साखर किती घालू?"

साखर किती, हे आजवर तीच ठरवायची. सत्तावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिनं पहिल्यांदाच विचारला होता.