अप्पांचं संघराज्य

शेजारच्या अप्पांच्या घरी आमटी खारट झाली तर अप्पा ओरडत नाहीत. दोन घोट पाणी पितात आणि म्हणतात, "स्वयंपाकघर राज्यसूचीत हाय. केंद्र बोलणार न्हाई."

अप्पा मूळचे उदगीरचे. हदगावच्या शाळेत त्यांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्त होऊन नांदेडात आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. वर्ग सुटला, पण राज्यघटना सुटली नाही. त्यांनी घराचंच संघराज्य केलं. ते आणि काकू म्हणजे केंद्र. मुलगा महेश आणि सून शुभांगी म्हणजे घटकराज्य. फाटकाचं कुलूप म्हणजे संरक्षण, म्हणून ते केंद्राकडं. शेजारी परराष्ट्र व्यवहारात. एकदा मी शुभांगीकडे शिडी मागितली, तर ती गंभीरपणे म्हणाली, "अप्पा येऊ द्या भाऊ. परराष्ट्र धोरण हाय."

नात चिऊचा अभ्यास मात्र समवर्ती सूचीत. नियम दोघांनी करायचे, भांडण झालं तर केंद्राचा खरा. शुभांगी म्हणे, "आधी पाढे." अप्पा म्हणत, "आधी कुल्फी." चिऊचा केंद्र सरकारवर लई विश्वास.

एका सकाळी न्हाणीघरात पाल निघाली. आरडाओरडा ऐकून मी भिंतीवरून डोकावलो. अप्पा खुर्ची घट्ट धरून बसले होते. "पाल कोणत्याच सूचीत न्हाई!"

"मग उरलेले विषय कुणाचे?" काकूंनी त्यांच्या हातात झाडू दिला. "शेषाधिकार केंद्राकडं ना? उठा."

अप्पा आत गेले. पाल गप्पच होती. किंचाळले ते अप्पा.

मग महेशची लातूरला बदली झाली. अप्पांनी तातडीनं बैठक बोलावली, मला निरीक्षक म्हणून बसवलं.

"घटकराज्याला फुटून जायचा हक न्हाई!" अप्पा गरजले.

शुभांगी शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "फुटून कुठं जाऊन राहिलो अप्पा? कलम तीन. नवं राज्य निर्माण करायचा अधिकार संसदेला हाय. तुम्हीच करा की."

अप्पांनी अशी टाळी वाजवली की शेंगा उडाल्या. "बराबर! एकदम बराबर!" पुढं आठवडाभर गल्लीत जो भेटेल त्याला ते थांबवून सांगत होते, "आमच्या सुनंनं मला घटनेत हरवलं!"

निघायच्या दिवशी अप्पा, काकू आणि मी त्यांना सोडायला बसस्टँडवर गेलो. "सामान लावून येतो," म्हणून अप्पा बसमध्ये चढले. बस सुटली. अप्पा उतरलेच नाहीत.

काकूंना घरी सोडलं, तेवढ्यात फोन आला. "लोह्याला उतरलो. घ्यायला येता का?"

मी मोटारसायकल काढून लातूरच्या वाटेला लागलो. अप्पा लोह्याच्या स्टँडवर बाकड्यावर बसले होते.

"चिऊ खांद्यावर झोपली," ते म्हणाले. "हलावं कसं? इथं जागी झाली, मग उतरलो."

परतीच्या वाटेवर मागून एकही कलम ऐकू आलं नाही. नांदेड जवळ आल्यावर त्यांनी माझा खांदा दाबला. "हिला सांगा, कंडक्टरनं बस थांबवलीच न्हाई."

काकू फाटकातच उभ्या होत्या. मी कंडक्टरचं सांगितलं. त्यांनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं आणि अप्पांच्या शर्टाची चुरगळलेली बाही हातानं सारखी केली.

"मला बी न्यायचं होतं की," त्या म्हणाल्या.