कृष्णविवराचा गुलाल

गहिनीनाथ सरांच्या पोटात दुखायला लागलं ते शाळेच्या फाटकावरचा फ्लेक्स पाहून. दहा फुटी फ्लेक्स, मधोमध शिवानीचा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'नांदूरघाटची कन्या, कृष्णविवरांची संशोधक'. विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनाला ती पुण्याहून येणार होती. सरांनी फ्लेक्स डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. वरची पट्टी कडुनिंबाच्या फांदीआड गेली होती, पण तिथे नेहमीसारखे पुढाऱ्यांचे गोल फोटो असणार, हे कळायला फांदी बाजूला करायची गरज नव्हती.

बावीस वर्षं या शाळेत सरांनीच विज्ञान शिकवलं. आठवीतल्या शिवानीला गच्चीवर नेऊन पहिला तारा दाखवला, तोही त्यांनीच. उद्घाटनाचं भाषण दरवर्षी त्यांचं असे. यंदा मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे खुर्च्या मांडायचं काम दिलं. सरांना हेवा वाटत होता आणि हेवा वाटतो याची लाजही वाटत होती, पण हेवा जास्त होता.

त्यांनी ठरवलं, ती तोंडाने सांगेल ते आपण करून दाखवायचं. मधोमध काळी रंगवलेली कढई, हे कृष्णविवर. तिच्याभोवती मोटरीवर फिरणारी परात. बाजूला उंच तिवईवर लाल माठ, हा जोडीदार तारा. माठातला गुलाल परातीत पडणार, फिरत फिरत कढईपाशी येणार आणि तिथून फवारणीयंत्राच्या ब्लोअरने त्यातला चिमूटभर वर उडणार.

गुलाल मिळे रुद्रप्पांच्या दुकानात. रुद्रप्पा म्हणजे शिवानीचे वडील. प्रदर्शनाच्याच दिवशी केजला सोसायटीच्या निवडणुकीची मतमोजणी होती, त्यामुळे दुकानात गुलालाची पोतीच लागली होती.

"अप्पा, पावशेर द्या."

"घ्या की. सर, आमच्या शिवानीला जर्मनीला बोलावलंय. भाषण कराया."

"अर्धा किलो करा," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर परत आले.

"सर, शिवानीच्या सत्काराला सोलापूरवरनं शाल मागवलीय. लई भारी हाय."

"दोन किलो द्या."

तिसऱ्या दिवशी रुद्रप्पा म्हणाले, "हेडसर काय म्हणले मालूम हाय का? असा हुशार इद्यार्थी ह्या शाळेत झालाच न्हाई, आपली आपणच शिकली म्हणले."

सरांनी पैशांचं पाकीटच काढलं. "अख्खं पोतं द्या."

"कावून सर? निवडणुकीला उभं ऱ्हायलात का काय?"

सरांनी माठ काढून तिवईवर रांजण बसवला.

कार्यक्रम शाळेच्या मैदानात होता आणि सरांची कढई, परात, रांजण व्यासपीठाच्या बाजूलाच मांडलेले होते. शिवानी छान बोलत होती. "कृष्णविवर वर्षानुवर्षं गप्प असतं. शेजारच्या ताऱ्याकडचा माल थोडा थोडा ओढून घेत राहतं. हा माल लगेच आत जात नाही, भोवती चकतीसारखा फिरत राहतो. चकती भरत जाते, भरत जाते आणि एक दिवस उद्रेक होतो, फवारे उडतात."

सर उठले. हा प्रश्न त्यांनी आठवडाभर धार लावून ठेवला होता. "एक मिनिट. कृष्णविवरातून उजेडसुद्धा बाहेर पडत न्हाई म्हणता. मग हे फवारे निघतात कुठून?"

"सर, आत गेलं ते गेलंच. पण आत पडायच्या आधी, काठावरच जे निसटतं, तेच दोन्ही बाजूंनी फवाऱ्यासारखं उडतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी दाखवतो!" असं म्हणून त्यांनी रांजणाचं बूच जरासं सैल करायचं ते पूर्णच उपटलं आणि ब्लोअर चालू केला.

अख्खं पोतं एका दमात वर गेलं. गुलालाचा खांब शाळेच्या छतापेक्षाही दोन पुरुष उंच उभा राहिला आणि मग सावकाश सगळ्यांवर बसला. मुख्याध्यापक कोणते हे फक्त खोकल्यावरून ओळखू येत होतं.

"माल माझ्या दुकानचा हाय!" गुलाबी धुरळ्यातून रुद्रप्पांचा आवाज आला.

तिकडे स्टँडवर पॅनलप्रमुख अर्जुनराव फटाक्यांची माळ आणि हलगीवाले घेऊन निकालाची वाट पाहत बसले होते. "शाळेवर गुलाल!" कुणीतरी ओरडलं. मतमोजणीला मास्तर लोक असतात, निकाल शाळेला आधी कळणारच. कुणी कुणाला फोन केला नाही. फटाके वाजले, अर्जुनरावांच्या गळ्यात हार पडला आणि मिरवणूक नाचत नाचत मैदानात शिरली.

तेवढ्यात अर्जुनरावांचा फोन वाजला.

"बोल. काय? आपले किती पडले? तेराच्या तेरा?"

हलगी थांबली. अर्जुनरावांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "ह्यो गुलाल कुणी उडवला?"

सरांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.

हरलेल्या माणसाची विजयी मिरवणूक निघाली, हे विरोधकांना कळलं तर वर्षभर तोंड दाखवायची सोय नव्हती. त्यांनी गळ्यातला हार काढून सरांच्या गळ्यात घातला. "मग! आमी सरांचीच मिरवणूक काढायला आलोत! गावात कृष्णविवर कुणी आणलं? सरांनी! उचला रे!"

सर खांद्यावर गेले. गुलाबी झालेली शिवानी खोकत जवळ आली. "सर, चार वर्षं झाली, मी हा उद्रेक कॉम्प्युटरवर जुळवतेय. तुमच्यासारखा एकदाही उडाला नाही," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरा हेवा होता. सरांना बरं वाटलं.

मिरवणूक फाटकाशी आली. कडुनिंबाची फांदी डोळ्यांत जाईल म्हणून सरांनी ती हाताने बाजूला सारली, तर समोर फ्लेक्सची वरची पट्टी आली. तिथे पुढारी कुणीच नव्हते. तीनच गोल फोटो होते. पहिला सरांचा, ओळखपत्रावरचा, आणि खाली लिहिलं होतं, 'माझे प्रेरणास्थान'.

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी खाली पाहिलं. रुद्रप्पा दुसरीकडे तोंड करून चालले होते.

"अप्पा, फ्लेक्स कुणी टांगला?"

"मीच."

"बरोब्बर फांदीच्या मागं?"

"मग काय करू?" रुद्रप्पा उसळले. "बाप मी हाय का तुमी? पयला फोटो तुमचा, दुसरा तिच्या आईचा आन् माझा तिसरा!"

सरांचे डोळे भरून आले. गुलाल गेला म्हणून त्यांनी ते पुसले, पण एकाच हाताने. दुसऱ्या हातातली फांदी त्यांनी सोडली नाही.

"पोरांनो," ते म्हणाले, "जरा इथंच थांबा. हलगी चालू द्या."