पाच मिनिटांचं इपॉक्सी आणि डेलमर

गार्लंड प्रूइटने भर सभेत ऑर्लीनच्या इपॉक्सीला डिंक म्हटलं, तिथून सगळं सुरू झालं.

सभा म्हणजे काय, तर वाचनालयाच्या तळघरात महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जमणारी एकोणीस माणसं, एक कॉफीची किटली आणि टेबलांवर आडवी पडलेली रॉकेटं. खेळण्यातली नव्हेत हं. माणसापेक्षा उंच, सोडली की मैलभर वर जाणारी. कॅन्ससच्या त्या भागात पिकं काढून झाली की रान असं सपाट पडतं, की कुत्रं पळून गेलं तर तीन दिवस जाताना दिसतं. तिथे माणसाने वर नाही बघायचं तर बघायचं कुठे?

ऑर्लीन उन्रू सदुसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून आता घरी बसलेली. म्हणजे सगळे म्हणायचे बसलीय, ती बसत कधीच नव्हती. तिचं रॉकेट सात फुटांचं. पुठ्ठ्याची जाड नळी, प्लायवुडचे तीन पंख, आणि वरून बसचा उरलेला पिवळा रंग. सगळे सांधे इपॉक्सीने चिकटवलेले. हार्डवेअरच्या दुकानात बियाण्यांच्या पाकिटांशेजारी टांगलेलं असतं ना, दोन ट्यूबांचं, पाच मिनिटांत घट्ट होणारं? तेच.

गार्लंड हा क्लबचा अध्यक्ष. त्याने रॉकेट उचललं, पंखाच्या बुडाशी नाक नेलं आणि दूध नासल्यासारखा चेहरा केला.

"मिसेस उन्रू, हे कशाने चिकटवलंत?"

"इपॉक्सीने."

"कुठल्या?"

"दुकानातल्या."

"अहो, हा डिंक आहे डिंक! कपाचा कान तुटला तर लावायचा. आम्ही विमानाच्या कारखान्यात असतं ते वापरतो. फ्रीजमध्ये ठेवावं लागतं ते."

"माझ्या फ्रीजमध्ये लोणी असतं."

लोक हसले. गार्लंड नाही हसला. "पंधराशे फुटांवर तुमचे पंख गळून पडतील."

आता ऑर्लीनचं डोकं तापलं. "गार्लंड, तू दुसरीत होतास तेव्हा माझ्या बसमध्ये तीनदा ओकलायस. तुला मी एका शब्दाने बोलले नाही. आणि तू माझ्या इपॉक्सीला बोलतोस? माझ्या बसचा आरसा अकरा वर्षं याच इपॉक्सीवर होता. त्या गारांच्या वादळात बसच्या सगळ्या काचा गेल्या, टप गेला, मागचं बाक गेलं. आरसा हलला नाही!"

हे खरंच आहे. आणि एल्डन श्रागच्या गोठ्याचं तर त्याहून मोठं. त्याच्या दाराची कडी ऑर्लीनने चिकटवून दिली होती. पुढे चक्रीवादळ आलं ते दार घेऊन गेलं, भिंत घेऊन गेलं, पण कडी जागची हलली नाही. संध्याकाळपर्यंत हवेतच राहिली. हे एल्डन स्वतः सांगतो, आणि एल्डन रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो, तो खोटं कशाला बोलेल?

"शनिवारी बघूच," गार्लंड म्हणाला. "दुसऱ्या पायरीच्या कार्डासाठी उडवणार ना? नियम माहीत आहेत?"

नियम ऑर्लीनला प्रार्थनेसारखे पाठ होते. रॉकेट पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने बांधलेलं हवं. सरळ वर गेलं पाहिजे, वर पॅराशूट उघडलं पाहिजे, आणि खाली आल्यावर उडवणाऱ्याने ते न मोडलेलं, न तुटलेलं असं टेबलावर आणून ठेवलं पाहिजे. मग कार्ड. कार्ड नसेल तर मोठी मोटर, म्हणजे रॉकेटचं इंजिन, कोणी विकत देत नाही. ऑर्लीन चार वर्षं छोट्या मोटरींवर काढत होती. एकतीस वर्षं ज्या बाईने ताशी तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही, तिला आता एकदा तरी आवाजापेक्षा वेगाने काहीतरी पाठवायचं होतं.

"आणि विचारावं लागतं म्हणून विचारतो," गार्लंड म्हणाला, "मिस्टर उन्रूंचा हात नाही ना लागला कुठे?"

"डेलमरचा? बेचाळीस वर्षं झाली लग्नाला, त्याने अजून एक बल्ब बदललेला नाही!"

शनिवारी एल्डनच्या कुरणात साठ-सत्तर माणसं जमली. उत्तरेचा गार वारा. ट्वायला नावाची बाई गाडीच्या मागच्या फळीवर बीरॉक विकत होती, कोबी आणि खिमा भरलेले गरम पाव. डेलमर घडीच्या खुर्चीत कानटोपी ओढून बसला होता. बिचारा सज्जन माणूस. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. वस्तू मात्र वाया घालवायचा नाही. चहाची पिशवी तो दोन दिवस वापरतो, आणि दुसऱ्या दिवशीचा चहा जास्त चांगला लागतो असं म्हणतो.

तपासणीच्या टेबलावर गार्लंडने पंख धरून ओढला. पंख हलला नाही, टेबल सरकलं. दुसरा ओढला. त्याचं मनगट दुखलं. मग त्याने टोपी उपसून बघितली, म्हणजे रॉकेटचं टोक. ती अलगद निघाली, आणि तशीच निघायला हवी. वर गेल्यावर नळीत छोटासा बार उडतो, तो टोपी ढकलतो, मागोमाग पॅराशूट बाहेर येतं. टोपी अडकली तर पॅराशूट आतच राहतं आणि सात फुटांचा भाला डोकं खाली करून येतो.

"पास," गार्लंड म्हणाला. तोंड असं, की कोणी दात उपटून घेतलाय.

पुढे आठ जणांची रांग. थंडीत ऑर्लीनच्या पोटात कावळे ओरडायला लागले. तिने रॉकेट डेलमरच्या मांडीवर आडवं ठेवलं.

"धर. नुसतं धर. काही करू नकोस."

"मी काय करणार?" डेलमर म्हणाला.

ती दोन बीरॉक घेऊन आली, तोवर नंबर लागलाच. तिने रॉकेट नेलं, उभ्या कांबेवर चढवलं, तारा जोडल्या आणि परत येऊन डेलमरशेजारी उभी राहिली. भोंग्यावर गार्लंडने आकडे मोजले. "पाच, चार, तीन, दोन, एक!"

आणि काय गेलं म्हणता! जमिनीला उचकी लागली. एल्डनच्या गाईंनी रवंथ थांबवलं. पिवळी रेघ सरळ वर, पंधराशे फूट गेले, तीन हजार गेले, पंख तिन्ही जागच्या जागी. दक्षिणेकडे निघालेल्या रानबदकांची रांग मधोमध दुभागली आणि रॉकेटला वाट दिली.

"बघ रे गार्लंड!" ऑर्लीन ओरडली. "बघ माझा डिंक!"

डेलमरने तिची बाही ओढली. "बरं झालं ना मी ती टोपी बसवली."

"कुठली टोपी?"

"टोकाची. हलत होती गं. तू पावाला गेलीस, म्हटलं वर जाऊन पडेल, कुठे शोधत बसणार. तुझ्या पर्समध्ये होतंच इपॉक्सीचं नवं पाकीट."

ऑर्लीनच्या हातातला बीरॉक खाली पडला.

"तू टोपी चिकटवलीस?"

"हो. छान गोल लावलं, चहूबाजूंनी."

"डेलमर! ती निघायची असते!"

"मग तसं सांगायचं तरी ना. मला काय माहीत मुद्दाम सैल ठेवलीय? एवढं महिनाभर खपून बाईने टोपी सैल ठेवली, असं कोणाला वाटेल?"

वर चार हजार फुटांवर धुराचा एक फुगा फुटला. बार उडाला होता. टोपी जागच्या जागी. रॉकेटने सावकाश मान वळवली आणि डोकं खाली केलं.

"वर बघा! वर बघा!" भोंगा किंचाळला. माणसं गाड्यांच्या आडोशाला पळाली.

त्या क्षणी ऑर्लीनची काय अवस्था झाली असेल! भर सभेत ती ज्याच्या बाजूने भांडली, ते आता सुटावं म्हणून देवाचा धावा करायची वेळ आली. टिकलं तर रॉकेट गेलं, कार्ड गेलं. सुटलं तर गार्लंड खरा. तिने डोळे मिटले आणि दात आवळून म्हणाली, "सुट. या एकदाच सुट, मेल्या."

आणि टोपी सुटली. पटकन नव्हे. गरम टॉफी ओढावी तशी लांबत लांबत, एक तार निघाली म्हणे तिची हातभर. मग फट्कन तुटली आणि लाल पॅराशूट उमललं. रॉकेट डुलत डुलत एल्डनच्या गाईंमध्ये उतरलं.

ऑर्लीन कुरण तुडवत गेली. टोपीचा काठ मधासारखा चिकट झाला होता, गवताच्या काड्या डकलेल्या. बाहीने पुसून टाकावं असं एकदा मनात आलं. पण पुसणं म्हणजे लपवणं, आणि ती उन्रूंच्या घरात चालणारी गोष्ट नव्हती. तिने आहे तसं आणून टेबलावर ठेवलं.

गार्लंडने नळी बघितली, पंख बघितले, मोटरची जागा बघितली. कुठे ओरखडा नाही. त्याने नाइलाजाने सही केली आणि कार्ड तिच्या हातात दिलं. चार वर्षांनी मिळालेलं, खिशाएवढं, निळं. मग त्याने टोपी उचलली आणि त्याची बोटं टोपीलाच राहिली.

"हे काय आहे?"

"इपॉक्सी," ऑर्लीन म्हणाली.

"पाच मिनिटांचं?" गार्लंडच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. त्याने दुसऱ्या हाताने भोंगा घेतला. "मंडळी! ज्यांना घरगुती इपॉक्सी वापरायचंय त्यांनी इकडे या! तासभर होत आला आणि हे अजून पाघळतंय! मी काय म्हणत होतो? डिंक!"

साठ-सत्तर माणसं हसली. ट्वायला हसली. एल्डनसुद्धा हसला, ज्याची कडी हवेत राहिली होती तो एल्डन!

ऑर्लीनच्या हातात कार्ड होतं. मुकाट्याने खिशात घालून घरी जायचं होतं, बस. पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हसता काय? ते मी लावलेलंच नाही! माझे पंख ओढा ना, हत्ती लावून ओढा! टोपी डेलमरने चिकटवलीय!" ती नवऱ्याकडे वळली. "कसं मिसळलंस तू? सांग सगळ्यांना. दोन्ही सारखं घेतलं होतंस?"

"दोन्ही काय?" डेलमर म्हणाला.

"ट्यूबा! दोन ट्यूबा!"

"दोन कशाला? एकच वापरली. एकीत भागत होतं, दुसरी कशाला फोडायची उगाच? पहिली संपली की मग ती."

एल्डनने कपाळाला हात लावला. एकटी ट्यूब लावली तर ती शंभर वर्षं घट्ट होत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत.

"ऐकलंत?" ऑर्लीन गरजली. "ऐकलंस गार्लंड? ते इपॉक्सी नव्हतंच! अर्धं होतं! दोष इपॉक्सीचा नाही, दोष नवऱ्याचा आहे!"

गार्लंडने भोंगा खाली ठेवला. घसा साफ केला. "मिसेस उन्रू, म्हणजे रॉकेटला मिस्टर उन्रूंचा हात लागला."

ऑर्लीनने हातातल्या कार्डाकडे बघितलं.

"नियम मी केलेला नाही," गार्लंड म्हणाला. आता त्यालाच ओशाळल्यासारखं झालं होतं. "तुम्ही बोलला नसता तर..."

"बोलले तर बोलले." तिने कार्ड टेबलावर आपटलं. "घे. ठेव तुझ्या फ्रीजमध्ये. पण आत्ता तो भोंगा उचल आणि सगळ्यांना सांग."

"काय सांगू?"

"इपॉक्सीचा दोष नव्हता म्हणून."

गार्लंडने इकडेतिकडे बघितलं. भोंगा उचलला. "मंडळी," तो पुटपुटला, "इपॉक्सीचा दोष नव्हता."

"मोठ्याने."

"इपॉक्सीचा दोष नव्हता!"

गाईंनी माना वर केल्या.

घरी जाताना पिकअप ऑर्लीन चालवत होती, ताशी तीसने. मागे पिवळं रॉकेट सतरंजीत गुंडाळलेलं. डेलमरला काय काय ऐकवायचं हे तिने कुरणातच मनात रचून ठेवलं होतं, दहा मैल पुरेल एवढं. तिने तोंड उघडलं.

मग तिच्या लक्षात आलं. डेलमरने दोन्ही ट्यूबा नीट मिसळल्या असत्या, तर टोपी निघालीच नसती. रॉकेट एल्डनच्या कुरणात सहा फूट रुतलं असतं, एखादी गाय घेऊन. म्हणजे याने गाढवपणा केला, आणि त्या गाढवपणात आणखी एक गाढवपणा केला, म्हणून आज रॉकेट धडधाकट आहे.

तिने तोंड मिटलं.

दोन मैल गेले. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. बेचाळीस वर्षांत तिला डेलमरला बोलायला शब्द सापडला नाही, असं कधी झालं नव्हतं. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बीरॉक तर पडला तुझा," डेलमर म्हणाला. त्याने कोटाच्या खिशातून कागदात गुंडाळलेला अर्धा पाव काढला आणि तिच्यापुढे धरला. "हा मी ठेवला होता. एकदम सगळा कशाला खायचा?"

ऑर्लीनने त्याच्याकडे न बघता तो घेतला आणि रागारागाने खाल्ला.