चोथ्याची भट्टी आणि महाराजांची तारीख

एका जंगलात सगळ्यांना उजेडाची फार हौस होती. बाळांनो, ते जंगल नेमकं कुठलं, हे विचारायचं नाही. विचारलंत तर गोष्ट इथेच थांबेल आणि तुम्हाला शुद्धलेखन लिहावं लागेल.

त्या जंगलात काळे दगड सापडत. ते कुटायचे, त्यांत एक जहाल आंबट अर्क मिसळायचा आणि गाळायचं. मग चिमूटभर तेज निघे. त्या तेजावर सिंहमहाराजांची गुहा लखलखत असे. मागे टोपलीभर चोथा उरे. तेजावर रोज भाषणं होत. चोथ्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

हा चोथा लोखंडी पिंपांत भरून माळावर ठेवत. पहिलं पिंप ठेवलं तेव्हा ते तात्पुरतं आहे असं ठरलं होतं. आता तीन हजार पिंपं तिथे तात्पुरती उभी होती.

कोरडा असला की चोथा मिठासारखा गप पडून राही. पण दमट हवा लागली, की त्यातला अर्क धूर होऊन बाहेर पडे. हा धूर डोळ्यांत गेला तर डोळे जात आणि छातीत गेला तर माणूस, म्हणजे जनावर, जाई. पिंपं गंजत होती. एखाद्याला बारीक भोक पडे, पण तिथे चोथ्याचीच खपली धरे, तुमच्या गुडघ्यावर धरते तशी. सगळ्या जंगलाचा जीव अशा दहा-वीस खपल्यांच्या मागे सुरक्षित होता.

यावर उपाय नव्हता असं नाही. उपाय होता आणि तो शोधणारा जंगलातच राहत होता. खवलेमामा त्याचं नाव. खवल्या मांजराच्या जातीचा, कमी बोलणारा, सतत काहीतरी खणणारा. त्याने एक बंद भट्टी बांधली होती. तिच्यात चोथ्याला मोजून वाफ द्यायची. अर्क निघून एका नळीतून बरणीत जाई आणि मागे काळी भुकटी राही. ही भुकटी पावसात ठेवा, उन्हात ठेवा, धूर नाही की काही नाही.

मामाने एक पिंप सगळ्यांसमोर असं निर्धोक करून दाखवलं. दरबाराला इतका आनंद झाला, की त्यांनी ताबडतोब मामाचा सत्कार केला. शाल, नारळ, पानाफुलांचा गुच्छ. मग माकडांच्या मंडळाने केला. मग सशांच्या महिला आघाडीने. वर्षभरात मामाचे एकसष्ट सत्कार झाले आणि पिंप झालं एकच. ते पिंप दरबाराच्या दारात हार घालून ठेवलं होतं. परजंगलातून कोणी पाहुणा आला, की त्याला ते दाखवत.

"आणि बाकीची पिंपं?" मामा विचारी.

"भट्टीचं उद्घाटन झालं की लगेच घेऊ," बगळेसाहेब सांगत. हे दरबाराचे सचिव. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे. "महाराजांच्या हस्ते फीत कापल्याशिवाय भट्टी पेटवायची कशी? आणि महाराजांची तारीख मिळत नाही."

तुम्ही म्हणाल, फीत नाही कापली तर वाफ निघत नाही का? निघते, बाळांनो. पण तुम्ही अजून लहान आहात.

त्याच माळावर एक टिटवी राहत होती. टिटवी झाडावर घरटं करत नाही, उघड्या खडीतच अंडी घालते. हिची चार अंडी सातव्या रांगेतल्या एका पिंपाच्या बुडाशी होती. तिने अंडी घातली तेव्हा ते पिंप चांगलं होतं. आता त्याला पोटावर भलीमोठी खपली होती.

टिटवी धावत मामाकडे आली.

"मामा, पिंप फुगलंय हो. खपलीच्या कडेने वास येतोय."

"अंडी किती दिवसांची?"

"चोवीस. अजून चार-पाच दिवस तरी बसायला हवं. उचलून नेता येत नाहीत ना ती."

मामाने तिला बगळेसाहेबांकडे नेलं. टिटवीने तोंड उघडताच साहेबांनी कानांवर पंख ठेवले. टिटवी ओरडली की अपशकुन होतो, हे त्या जंगलात पाळण्यातच शिकवत.

"बाई, हळू बोला. दरबार आहे हा."

"साहेब, पोरं जातील हो माझी!"

"तुमची तळमळ आम्ही समजू शकतो," साहेब म्हणाले. ते समजू शकत होते, फक्त समजले नव्हते. "पण तुम्ही नशीबवान आहात. गुरुवारी महाराजांची शिकार रद्द झाली आहे. गुरुवारीच उद्घाटन!"

टिटवीला रडू आलं. आनंदानेच आलं. गुरुवार म्हणजे परवा. परवा भट्टी पेटणार आणि मामा पहिलं तेच पिंप घेणार. तिने मामाच्या पायाला चोच लावली.

महाराज येणार म्हटल्यावर माळावर धांदल उडाली. मांडव पडला, कमान उभी राहिली, गालिचा आला. गुरुवारी सकाळी बगळेसाहेब पाहणी करायला आले आणि पिंपं बघून त्यांच्या अंगावर काटा आला.

"ही काय कळा! महाराजांच्या नजरेला गंज पडणार? घासून काढा सगळी. वरून हिरवा रंग द्या. आणि धूळ बसायला सडा टाका, चांगला भरपूर."

"साहेब, खपल्या काढू नका," मामा म्हणाला. "पाणी तर मुळीच नको."

"मामा, तुम्ही शास्त्रज्ञ. सजावटीतलं तुम्हाला काय कळतं? तुम्ही जाऊन शाल पांघरून बसा. महाराजांच्या हस्ते सत्कार आहे."

रानडुकरांची टोळी काथ्या घेऊन कामाला लागली. हत्तींनी सोंडा भरभरून सडा टाकला. सातव्या रांगेतलं पिंप एका उत्साही डुकराने असं घासलं, की खपली अख्खीच्या अख्खी निघाली. त्याने ती कौतुकाने सगळ्यांना दाखवलीसुद्धा.

टिटवी ओरडली. अंड्यांवर उभी राहून, पंख पसरून, जीव तोडून ओरडली.

"अपशकुन! ऐन मुहूर्ताला!" बगळेसाहेब किंचाळले. "हाकला तिला!"

दोन कोल्ह्यांनी तिला काठीने हाकललं. तेवढ्यात महाराज आले, सनई सुरू झाली. महाराजांनी कात्री हातात घेतली आणि सातव्या रांगेतून पांढऱ्या धुराची बारीक रेघ निघाली.

महाराजांना वाटलं, स्वागताचा धूप आहे. त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

पुढे जे झालं त्याला दरबारी भाषेत "कार्यक्रमात किंचित बदल" म्हणतात. महाराज खोकत पळाले. त्यांच्या मागे मंत्री, मंत्र्यांच्या मागे साहेब, साहेबांच्या मागे सनईवाले. सगळे पळाले ते सातव्या रांगेतूनच, कारण जवळचा रस्ता तोच होता.

उलटा धावला तो एकटा मामा. त्याने अंगावरची कोरडी शाल गुंडाळून भोकात घट्ट कोंबली. एकसष्ट शालींत पहिल्यांदाच एक शाल कामाला आली. मग पिंप ढकलत भट्टीपर्यंत नेलं, फीत तोडली आणि भट्टी पेटवली. संध्याकाळी त्या पिंपात नुसती काळी भुकटी होती. मामाचा एक डोळा मात्र कायमचा गेला.

टिटवी परत आली तेव्हा चारांतली दोन अंडी फुटलेली होती. धुराने नव्हे. त्यांच्यावर चांगल्या कातड्याच्या दरबारी जोड्यांचे ठसे होते. मला ही गोष्ट सांगताना इथे नेहमी राग येतो, आणि तो मी गिळणार नाही. उरलेल्या दोन अंड्यांवर ती बसली. सोमवारी दोन पिल्लं बाहेर आली.

मग चौकशी समिती बसली. अध्यक्ष बगळेसाहेब. समितीने निष्कर्ष काढले. जीवितहानी शून्य, कारण अंडी जीवितात धरायची की नाही यावर एकमत झालं नाही. धुराचं कारण टिटवीचं ओरडणं, कारण ती आधी ओरडली आणि धूर नंतर निघाला. मामाने उद्घाटनाआधी भट्टी पेटवली, म्हणून भट्टीला टाळं. महाराजांची नवी तारीख मिळेपर्यंत.

टिटवीला माळ सोडण्याचा हुकूम झाला. ती पिल्लांना घेऊन निघाली तेव्हा मामा वेशीपर्यंत सोबत गेला.

"मामा, तिथे कोण आहे आता सांगायला?"

मामा एकटाच माळाकडे परतला.

पिंपांना पुन्हा हिरवा रंग दिला. तीन महिने माळावरून एकही ओरड ऐकू आली नाही. तेव्हा बगळेसाहेबांनी महाराजांना अहवाल दिला, की माळ आता पूर्णपणे सुरक्षित आहे. महाराजांनी साहेबांचा सत्कार केला.

तात्पर्य: विष निर्धोक करायला भट्टी लागते, वाफ लागते, वर्षं लागतात. त्यापेक्षा ते ज्याला दिसतं त्याला हाकलून द्यावं. एका काठीत काम होतं. म्हणून बाळांनो, कुठे काही गळताना दिसलं तर मुळीच ओरडू नका. आधी हिरवा रंग आणा.