केदारीबाबूंची करवंदी वाइन

महिपतराव केदारींनी घरच्या घरी वाइन करायचं ठरवलं, ते डिसोझा गार्डाच्या नातवाच्या बारशाला. (ख्रिस्ती लोक त्याला बारसं म्हणत नाहीत, पण महिपतराव म्हणत.) डिसोझाने त्यांच्या हातात लालभडक पाण्याचा एवढासा पेला दिला. महिपतरावांनी तो रिकामा केला, मिशी पुसली आणि विचारलं, "ही मिळते कुठे?"

"मिळत नाही. आमची म्हातारी घरी करते."

"कशी?"

"फळ, साखर, खमीर आणि धीर," डिसोझा म्हणाला.

पहिल्या तीन गोष्टी महिपतरावांनी लक्षात ठेवल्या.

महिपतराव लोणावळा स्टेशनात पार्सल क्लार्क होते. घाटात विजेची गाडी नुकतीच सुरू झाली होती. ती कशी चालते हे सबंध लोणावळ्यात आपल्यालाच काय ते कळलंय, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. एखादी गोष्ट एकदा कानावर पडली की ती आपल्याला आली, असा त्यांचा स्वभावच. मागल्या हिवाळ्यात त्यांनी मधमाश्या पाळल्या. (एका दुपारी त्या सगळ्या उठून निघून गेल्या. जाताना मध नेला नाही, कारण केलाच नव्हता. महिपतरावांचा कान मात्र पुरीसारखा फुगवून गेल्या.) असल्या फुटकळ गोष्टींनी खचणारा तो गडी नव्हता.

दिवस वैशाखाचे. कुरवंड्याच्या डोंगरात करवंदांच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या. तिथे राहणाऱ्या मुक्तामावशीला त्यांनी निरोप धाडला. मावशी पाटी डोक्यावर घेऊन दारात हजर झाली.

"येवढी करवंदं कशापायी रं महिपा? लोनचं घालतूस व्हय?"

"मावशी, सायन्स आहे."

"मंग मीठ जरा जास्तच घाल," मावशी म्हणाली आणि पाणी पिऊन गेली.

खमीर अब्दुल बेकरीवाल्याकडून आलं. पाव फुगवायला तो ताडीचं खमीर वापरी. "किती घालायचं?" असं महिपतरावांनी विचारलं नाही, आणि वाइनशी अब्दुलचाही कधी संबंध आलेला नव्हता. त्याने लोटा भरून दिला, यांनी लोटा रिकामा केला.

राहिली बरणी. घरात एकच मोठी बरणी होती आणि ती कस्तुराबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची होती.

"लोनच्याची बरनी हाय ती," कस्तुराबाई म्हणाल्या.

"धुऊन घेतली आहे."

"त्यात करताय काय?"

"टॉनिक. पचनाला चांगलं असतं."

कस्तुराबाई पवन मावळातल्या तिकोणा पेठेच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या गावच्या. तिकडच्या बाईला टॉनिक आणि दारू यातला फरक शिकवावा लागत नाही. पण मधमाश्यांपेक्षा करवंदं बरी, निदान चावत तरी नाहीत, असा हिशेब करून त्यांनी बरणीवरचा हात काढला.

बरणी बोलायला लागली. आधी बुडबुड, मग खदखद. महिपतराव ड्यूटीवरून आले की टोपीसुद्धा न काढता बरणीला कान लावत. घरात वास सुटला. बाहेरच्या चिलटांना तो आतल्या माणसांच्या आधी कळला. शेवटी एका संध्याकाळी महिपतरावांनी वाटीभर काढून चाखली. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला, खांदे वर गेले, आणि मानेतून एक शिरशिरी थेट टाचेपर्यंत उतरली.

"वा!" ते म्हणाले. "डिसोझाकडची जरा मिळमिळीत होती. हिच्यात तडफ आहे."

कस्तुराबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं. "आंबलंय की वो हे!"

"आंबवायचंच असतं!" महिपतराव विजयाने म्हणाले.

आता खरं तर खदखद पुरती निवेपर्यंत थांबायचं होतं. पण डिसोझाची चौथी गोष्ट आठवत नसल्यामुळे त्यांनी त्याच संध्याकाळी बाटल्या भरल्या. स्टेशनाच्या उपाहारगृहातून रिकाम्या बाटल्या आणल्या, बुचं ठोकली, वर सुतळीने आवळलं आणि त्यावर लाख लावली. पार्सलवाला माणूस! त्यांनी सीलबंद केलेलं काही वाटेत उघडलं, असं आजवर झालं नव्हतं. बाटल्या खाटेखाली गेल्या. बरणीत उरलं ते तसंच फडकं बांधून राहिलं.

आणि दोनच दिवसांनी सासरे आले.

रखमाजी म्हणजे तिकोणा पेठेतलं वजनदार माणूस. तरुणपणी त्यांनी दारू अशी प्यायली होती की लोक अजून नाव काढत. मग एके दिवशी देवळात शपथ घेतली आणि सोडली, ती कायमची. आता त्यांनी गावात दारूबंदीचं मंडळ काढलं होतं. अंगात पांढरी स्वच्छ बाराबंदी, खाली पांढरं स्वच्छ धोतर, अशा थाटात ते नेमके त्याच खाटेवर बसले.

"जावईबापू, येत्या ऐतवारी सभा हाय आमची. अध्यक्ष तुमी व्हायचं. शिकल्यालं मानूस सांगंल तर प्येनारी चार टाळकी ऐकतील."

कस्तुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खाटेकडे पाहिलं नाही.

"मामा, आनंदाने!" महिपतराव म्हणाले. "दारूचे दुष्परिणाम हा तर माझा आवडता विषय. आधी मी सायन्सच्या बाजूने..."

फट्!

"काय वाजलं?" रखमाजींनी विचारलं.

"घाटात सुरुंग लावतात मामा. रेल्वेचं काम."

"लय जवळ वाजला."

"वारा इकडचा आहे. तर मी म्हणत होतो, दारूने माणसाच्या आतड्याला..."

फट्! फटाक्!

खाट एका अंगाने उचलल्यासारखी झाली. रखमाजी चहाच्या बशीसकट उभे राहिले. आणि मग कोणी इशारा दिल्यासारख्या उरलेल्या बाटल्या एकामागून एक फुटल्या. एक बूच लाखेसकट देवाच्या फोटोला लागलं, एक कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यावर आदळलं, आणि खाटेखालून लाल लोंढा निघाला. रखमाजींचं धोतर गुडघ्यापर्यंत लालभडक!

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या अंबूबाई चाळण मागायला दारात आल्या. त्यांनी धोतर पाहिलं, तांबडी जमीन पाहिली, मधोमध हात पुढे करून उभे असलेले महिपतराव पाहिले, आणि बोंब ठोकली.

"अगं बया बया! जावयानं सासऱ्याला मारलं गं!"

रेल्वेची चाळ ती. क्षणात दारात माणूस मावेना. त्या गर्दीतून वाट काढत आत आला तो रज्जाक, आबकारीचा जमादार. तो समोर चहा पीत होता. खून पाहायला आला आणि उंबऱ्यातच थबकून त्याने नाक वर केलं.

"केदारीबाबू, हा वास कसला? परवाना आहे?"

चोरून दारू गाळली म्हणजे नोकरी गेली, कोठडी आली. आणि दारूबंदीच्या अध्यक्षाला, ऐतवारच्या आत! रखमाजी जावयाकडे बघत होते, आणि ते बघणं आबकारीपेक्षा भयंकर होतं.

पुढे झाल्या त्या कस्तुराबाई. "लोनच्याचा खार हाय जमादारभाऊ. उन्हानं बाटल्या फुटल्या. बगा की चाखून." आणि त्यांनी बरणीतली वाटी भरून पुढे केली.

रज्जाकने घोट घेतला. त्याचे दोन्ही डोळे मिटले. मग एक उघडला. मग तो भिंतीला टेकला.

"तोबा, तोबा! खार कुठला, बाई, हा तर नंबर एक शिरका, साहेबलोकांचं व्हिनिगर! बाबू, सुटलात. यात दारूचा थेंब नाही."

इथे शहाण्या माणसाने हात जोडले असते. महिपतरावांनीही जोडायला घेतले होते. पण 'शिरका' हा शब्द काट्यासारखा आत गेला.

"शिरका कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"जमादार, परत चाखा. घाई करू नका. आधी जिभेवर फिरवायची, मग गिळायची. वाइन अशी पितात."

"अवं!" कस्तुराबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"पाय काढ गं! जमादार, ही वाइन आहे. करवंदाची. मी केली आहे."

"बाबू, असं म्हणालात तर मला तुम्हाला न्यावं लागेल."

"न्या की! पण पंचनाम्यात नीट लिहा, उत्तम प्रतीची म्हणून!"

रज्जाक हात जोडू लागला. "बाबू, जन्म गेला या खात्यात. ही दारू नव्हे म्हणून पाया पडणारे रोज भेटतात. दारूच आहे म्हणून भांडणारा पहिला भेटला! ही वर पाठवली तर साहेब चाखणार, आणि माझा पट्टा उतरवणार."

महिपतराव सासऱ्यांकडे वळले. "मामा, तुम्ही सांगा! तुमच्याइतकी पारख कुणाला आहे?"

रखमाजी सावकाश पुढे आले. बरणीचा वास घेतला. मग करंगळी बुडवून जिभेला लावली आणि बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले.

"माजी शपथ मोडल्याली न्हाई," ते शांतपणे म्हणाले.

हसून हसून अंबूबाईंना दारातच बसावं लागलं. रज्जाक सलाम करून चहा संपवायला गेला. महिपतराव मात्र कस्तुराबाईंच्या हातातलं फडकं घेऊन जमीन पुसताना म्हणत होते, "लोकांची जीभ तयार नाही. दुसरं काही नाही."

पण रखमाजींच्या मनात काहीतरी शिजत होतं. जाताना त्यांनी बरणी मागून घेतली आणि उराशी धरून नेली.

ऐतवारी तिकोणा पेठेत, देवळात सभा झाली. महिपतरावांनी कोट घातला होता. ते आतड्यावर बोलले, काळजावर बोलले, मेंदूवरही थोडं बोलले. समोर बसलेली पिणारी मंडळी तंबाखू मळत होती. शेवटी रखमाजी उठले आणि त्यांनी ती बरणी पुढे ठेवली.

"गड्यांनो, भाषान झालं. आता शिकल्याली मानसं कसली दारू पित्यात, ती बगा. फुकाट हाय. या."

फुकट म्हटल्यावर रांग लागली. एकेकाने घोट घेतला, एकेकजण देवळाच्या खांबाला धरून उभा राहिला. गावातला सगळ्यांत पट्टीचा पिणारा डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला, "आबा, शिकल्याल्यांचं हे हाल, तर आमचं काय व्हईल!" आणि त्याने तिथेच शपथ घेतली. त्याच्यामागून आणखी कितीतरी जणांनी घेतली.

सभा अशी गाजली की पवन मावळात दुसरी चर्चा नव्हती. महिपतराव लोणावळ्याला परतले ते वीतभर उंच होऊन. "वक्तृत्व!" ते डिसोझाला सांगत. "नुसत्या शब्दांनी माणसं हलवली." आता गावोगावची बोलावणी येणार, म्हणून त्यांनी नवा कोट शिवायलाही टाकला.

बोलावणं आलंही. शेजारच्या गावाहून दोन माणसं मुद्दाम चालत आली. महिपतरावांनी त्यांना खाटेवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "बोला. यायचं कधी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतला थोरला खाकरला.

"त्याचं आसं हाय केदारीबाबू," तो अदबीने म्हणाला, "तुमी कशाला तरास घेताय? नुसती बरनी पाठवा."